हॅरॉल्ड मॅन

डॉ. हॅरॉल्ड हार्ट मॅन (१८७२–१९६१) हे इंग्रज कृषिरसायनशास्त्रज्ञ, पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य आणि मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक होते. दख्खनच्या खेड्यांची घरोघर फिरून केलेली आर्थिक पाहणी, कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचा पाया आणि पाऊस व दुष्काळ यांच्या संबंधाचा अभ्यास यांसाठी ते ओळखले जातात. अनिश्चित पावसाच्या प्रदेशात पिके, जनावरे व कर्ज यांचा हिशेब चांगल्या वर्षावर न मांडता नेहमी येणाऱ्या कमी पावसाच्या वर्षावर मांडला पाहिजे, हे त्यांच्या भारतातील कार्याचे सार म्हणता येईल.

सुरुवातीचे जीवन

मॅन यांचा जन्म इंग्लंडमध्ये झाला. लीड्स येथील यॉर्कशायर महाविद्यालयात रसायनशास्त्राचे शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी काही काळ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत अध्ययन केले. त्यानंतर ते इंग्लंडच्या शाही कृषी संस्थेच्या रसायनशास्त्रज्ञांचे साहाय्यक झाले. १९०० साली चहामळेवाल्यांच्या संघटनेचे शास्त्रीय अधिकारी म्हणून ते कलकत्त्यास आले. आसाम व बंगालमधील चहाची जमीन, खते आणि रोग यांवर त्यांनी संशोधन केले. जॉर्ज वॅट यांच्यासह त्यांनी चहाच्या कीड व रोगांवर लिहिलेला ग्रंथ १९०३ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुण्यातील कार्य

१९०७ मध्ये मॅन पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. आसामच्या मुबलक पावसातून ते अगदी वेगळ्या प्रदेशात आले होते. सह्याद्रीच्या माथ्यावर वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो; परंतु तेथून पूर्वेस काही कोसांवर पर्जन्यछायेचा प्रदेश सुरू होतो आणि अवर्षणप्रवण पट्ट्यात पाऊस सरासरी ५०० ते ६०० मिलिमीटरांवर येतो. तोही एकसारखा पडत नाही. मृगात सुरुवात होते, मध्येच मोठा खंड पडतो आणि उत्तरा-हस्त नक्षत्रांचा परतीचा पाऊस कधी भरपूर पडतो, तर कधी पूर्णपणे हुलकावणी देतो.

या भागातील शेतीची घडी याच पावसावर बसलेली होती. हलक्या, उथळ जमिनीत पहिल्या पावसावर बाजरी पेरली जाई व तिच्यासोबत तूर, मटकी, हुलगा यांसारखी कडधान्ये घेतली जात. बाजरी गेली तरी तुरीस मागचा पाऊस मिळण्याची आशा असे. खोल काळी जमीन पावसाळाभर मोकळी ठेवून तिच्यात ओल साठवली जाई आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात वाफसा येताच रब्बी ज्वारी, करडई किंवा हरभरा पेरला जाई. हे पीक पुढे बहुतांशी साठलेल्या ओलीवरच वाढे. शेतकऱ्याची ही पद्धत अनुभवातून आलेली आहे, ती आधी समजून घ्यावी आणि मगच सुधारणा सुचवावी, अशी मॅन यांच्या कामाची रीत होती.

पाटपाण्याच्या मर्यादाही त्यांनी लवकर ओळखल्या. नीरा खोऱ्यात कालव्याच्या अतिरिक्त पाण्यामुळे व निचऱ्याच्या अभावी चांगल्या जमिनी खारवट होत होत्या. या जमिनींचा अभ्यास त्यांनी व्ही. ए. ताम्हणे यांच्यासह केला व तो १९१० मध्ये प्रसिद्ध झाला.

दोन खेड्यांची पाहणी

मॅन यांचे सर्वांत प्रसिद्ध कार्य म्हणजे पुणे जिल्ह्यातील दोन खेड्यांची पाहणी होय. पहिले गाव पुण्याजवळचे पिंपळे सौदागर. डी. एल. सहस्रबुद्धे, एन. व्ही. कानिटकर, ताम्हणे आदी सहकाऱ्यांच्या मदतीने केलेल्या या पाहणीचा ग्रंथ १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या दप्तरांच्या आधारे त्यांनी दाखवून दिले की, या गावातील सरासरी धारण क्षेत्र १७७१ मध्ये ४० एकर होते, ते १८१८ मध्ये साडेसतरा एकरांवर आणि १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आले होते. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली होती आणि त्यांपैकी ४६३ तुकडे एक एकराहूनही लहान होते. सुमारे दोनतृतीयांश कुटुंबांची आर्थिक स्थिती अस्थिर होती. शहर जवळ असल्यामुळे गावकऱ्यांना बाहेरची मजुरी मिळे, म्हणून गाव कसेबसे तग धरून होते.

दुसरे गाव शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक. येथे पाऊस कमी व बेभरवशाचा होता आणि शहराचा आधारही नव्हता. कानिटकर यांच्यासह लिहिलेला या गावाचा अभ्यास १९२१ मध्ये प्रकाशित झाला. येथे पाहणी केलेल्या कुटुंबांपैकी सुमारे ८५ टक्के कुटुंबांचे उत्पन्न त्यांच्या गरजा व कर्जाचे व्याज यांना पुरे पडत नव्हते. मॅन यांनी गावाचा हिशेब चांगल्या वर्षाचा व वाईट वर्षाचा असा स्वतंत्रपणे तपासला. चांगला पाऊस झाला तर गावाचे भागते. परंतु तसा पाऊस हा अपवाद असून सर्वसाधारण वर्षात अपुरे अन्न किंवा वाढते कर्ज हेच गावाच्या वाट्यास येते, असा निष्कर्ष निघाला. सारा, कर्जफेड व कुटुंबाचा खर्च ठरवताना चांगले वर्ष प्रमाण मानले जात असल्याने शेतकरी कर्जातून वर येत नाही, ही गोष्ट या पाहणीमुळे आकड्यांसह पुढे आली.

जनावरे व चारा

दख्खनच्या कोरडवाहू शेतीत धान्य व चारा हे वेगळे विषय नव्हते. बैलजोडी नसेल तर वाफसा असताना पेरणी साधत नाही आणि चारा नसेल तर बैलजोडी टिकत नाही. काळी जमीन खोल नांगरण्यास बैलांच्या एकाहून अधिक जोड्या लागत. त्यामुळे लहान शेतकऱ्यास इतरांचे बैल मिळेपर्यंत थांबावे लागे. पाऊस हुकला की धान्याबरोबर कडबाही जाई. दुष्काळात कवडीमोलाने विकलेले किंवा मेलेले बैल पुढील वर्षी पुन्हा घेण्यासाठी कर्ज काढावे लागे. परिणामी, एका वर्षाचा दुष्काळ पुढील कित्येक वर्षे पुरत असे.

म्हणून मॅन यांनी चाऱ्याच्या प्रश्नाकडे विशेष लक्ष दिले. पश्चिम भारतातील चारापिकांवर त्यांनी लिहिलेली पुस्तिका मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने प्रसिद्ध केली. ज्वारीचे पीक निवडताना शेतकरी कणसाबरोबर कडब्याचाही विचार करतो, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्याच्या निवडीचे मर्म कळत नाही.

कोरडवाहू शेतीचे संशोधन

१९२० च्या दशकात मॅन शेतकी संचालक असताना पुण्याजवळील मांजरी येथे कोरडवाहू शेतीचे पद्धतशीर प्रयोग सुरू झाले. ते पुढे नेण्यात कानिटकर यांचा वाटा मोठा होता. १९३३ नंतर सोलापूर व विजापूर येथेही अशी संशोधन केंद्रे उभी राहिली. या प्रयोगांतून पुढे मुंबई कोरडवाहू शेतीपद्धत म्हणून ओळखली जाणारी रीत तयार झाली. शेतात ताली व बांध घालून पाणी अडवणे, काही वर्षांतून एकदा खोल नांगरट करणे, पावसाळ्यात कुळवाच्या पाळ्या देऊन तण काढणे व ओल मुरवणे, शेणखत घालणे, कमी बियाणे वापरून दोन ओळींतील अंतर वाढवणे आणि पीक उभे असताना कोळपणी करणे, ही तिची मुख्य अंगे होत.

विरळ पेरणीचा हेतू समजून घेण्याजोगा आहे. दाट पेरलेल्या पिकास पाऊस चांगला झाला तर अधिक उत्पन्न येते. पण ओल कमी पडली तर सर्वच ताटे सुकतात. विरळ पिकास तीच ओल अधिक दिवस पुरते. चांगल्या वर्षातील थोडे उत्पन्न सोडून वाईट वर्षातील पीक वाचवावे, असा हा व्यवहार होता.

सामाजिक अभ्यास

पुण्यातील अस्पृश्य मानलेल्या समाजांच्या राहणीमानाचा व घरांचाही मॅन यांनी अभ्यास केला. शेती, मजुरी, घर व कर्ज हे प्रश्न एकत्र पाहण्याची त्यांची दृष्टी या लेखनातही दिसते.

निवृत्तीनंतर

१९२७ मध्ये मॅन भारतातून निवृत्त झाले. इंग्लंडमध्ये वोबर्न येथील प्रयोगकेंद्रात त्यांनी दीर्घकाळ काम केले. दख्खनचा विषय मात्र त्यांनी सोडला नाही. १८६५ ते १९३८ या काळातील मुंबई इलाख्याच्या दख्खन विभागातील पावसाचा अभ्यास करून त्यांनी पाऊस व दुष्काळ या विषयावर ग्रंथ लिहिला. भारतीय कृषी अर्थशास्त्र संस्थेने तो १९५५ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. १९६१ मध्ये त्यांचे निधन झाले.

वारसा

मॅन यांचे निवडक लेख डॅनियल थॉर्नर यांनी संपादित केले व १९६७ मध्ये मुंबईत ग्रंथरूपाने प्रकाशित झाले. पिंपळे सौदागरची पुन्हा केलेली पाहणी १९६० मध्ये प्रसिद्ध झाली. भारतातील ग्रामीण आर्थिक पाहण्यांच्या परंपरेत मॅन यांचे ग्रंथ आरंभीचे मानले जातात.

पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महानगराचा भाग असून तेथील बहुतेक शेतांच्या जागी इमारती उभ्या आहेत. अवर्षणप्रवण तालुक्यांतील कोरडवाहू शेतकऱ्यासमोर मात्र पेरणी केव्हा करावी, कडबा किती राखावा आणि जनावरे किती ठेवावीत, हे प्रश्न दर पावसाळ्यात आजही उभे राहतात.