सिसिली सॉन्डर्स

डेम सिसिली सॉन्डर्स (जन्म : २२ जून १९१८, बार्नेट, इंग्लंड, मृत्यू : १४ जुलै २००५, लंडन) या ब्रिटिश परिचारिका, समाजसेविका आणि डॉक्टर होत्या. आधुनिक हॉस्पिस चळवळीच्या त्या प्रवर्तक मानल्या जातात.

ऑक्सफर्डमधील शिक्षण अर्धवट सोडून १९४० मध्ये त्या लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील नाइटिंगेल परिचारिका विद्यालयात दाखल झाल्या. पाठीच्या दुखण्यामुळे शुश्रूषेचे काम थांबले, तेव्हा त्या रुग्णालयीन समाजसेविका बनल्या. १९४८ मध्ये डेव्हिड टास्मा या पोलिश ज्यू निर्वासिताची त्यांनी अखेरच्या दिवसांत सोबत केली. मृत्यूपूर्वी त्याने त्यांच्या नियोजित संस्थेसाठी ५०० पौंड ठेवले.

त्या काळी वेदना असह्य होऊन रुग्णाने मागणी केल्यावरच मॉर्फिन देण्याची पद्धत होती. व्यसन जडेल अशी धास्तीही असे. बेजवॉटर येथील सेंट ल्यूक्समध्ये मात्र औषध ठरावीक वेळी, वेदना परतण्याआधीच दिले जाई. तेथे स्वयंसेविका म्हणून काम करताना सॉन्डर्स यांनी त्याचा परिणाम पाहिला. परिचारिकेचे म्हणणे वैद्यकक्षेत्रात मानले जाणार नाही, असा सल्ला एका शल्यविशारदाने दिल्यावर त्यांनी तिशी उलटल्यानंतर वैद्यकीय शिक्षण घेतले. १९५७ मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

१९५८ पासून हॅकनीच्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये त्यांनी रुग्णांच्या तपशीलवार नोंदी ठेवल्या. वेदनेविषयी विचारले असता एका स्त्रीने पाठदुखीपासून सुरुवात केली आणि नवरा व मुलगा यांचे बुडणारे काम, कोणीच समजून घेत नसल्याची भावना असे सारे सांगितले. अशा कथनांतून त्यांनी ‘समग्र वेदना’ ही संकल्पना मांडली. शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक हे तिचे चार पैलू होत. हे वर्गीकरण वरकरणी साधे आहे. पण त्यामुळे दुखते कोठे व किती, एवढ्यावर वेदनेचे मूल्यमापन संपेनासे झाले. रुग्णाजवळ सर्वाधिक वेळ असणाऱ्या परिचारिकेचे ऐकून घेणे हाही उपचाराचाच भाग ठरला.

१९६७ मध्ये दक्षिण लंडनमधील सिडनहॅम येथे त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. शुश्रूषा, संशोधन व प्रशिक्षण तेथे एकत्र चालत. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे सुरू झाले.

सॉन्डर्स यांना १९८१ मध्ये टेम्पलटन पुरस्कार आणि १९८९ मध्ये ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा सन्मान मिळाला. त्यांचे निधन सेंट ख्रिस्तोफर्समध्येच झाले.