स्पिनोझा आणि छपरावरचा दगड

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. तत्त्वज्ञान हा विषय घेतला तेव्हा वडिलांनी एवढेच विचारले, की याने पोट कसे भरते? उत्तर तेव्हा देता आले नाही, आजही येत नाही. पण यंदा द्वितीय वर्षाला स्पिनोझा अभ्यासाला आला आणि विषय घेतला ते बरे झाले, असे वाटले. निमित्त घडले एका दगडाचे.

मी सातवीत असताना ऐन पावसाळ्यात एका रात्री आमच्या घराची मातीची भिंत कोसळली आणि तिच्याखाली माझे धाकटे चुलते गेले. आजी कित्येक दिवस एकच विचारीत असे. रोज ओसरीवर निजणारा पोर त्याच रात्री आत का निजला? पाऊस लागला म्हणून. मग पाऊस त्याच रात्री का लागला? उत्तरे संपली की ती म्हणे, देवाच्या मनात होते.

स्पिनोझाच्या ‘एथिक्स’ या ग्रंथात पहिल्या भागाच्या शेवटी एक परिशिष्ट आहे. त्यात मला जवळजवळ हेच उदाहरण सापडले. छपरावरून दगड पडतो आणि खालून चाललेला माणूस मरतो. का? वारा सुटला होता, आणि त्याला मित्राने बोलावले होते. वारा तेव्हाच का सुटला? मित्राने तेव्हाच का बोलावले? असे विचारता विचारता माणसे दमतात आणि ईश्वरेच्छेच्या आडोशाला जातात. स्पिनोझाच्या मते तो आडोसा आपल्या अज्ञानाचाच असतो. एवढे वाचून मी पुस्तक मिटले. असे लिहिणारा हा माणूस होता तरी कोण, हे मला आधी पाहायचे होते.

त्याचा जन्म २४ नोव्हेंबर १६३२ रोजी ॲमस्टरडॅम येथे झाला. पोर्तुगालमधील धर्मछळातून सुटून आलेल्या ज्यू व्यापाऱ्यांचे हे घराणे. तो सहा वर्षांचा होण्याआधीच आई वारली. १६५४ मध्ये वडील गेले आणि दुकानाचा भार त्याच्यावर व भावावर पडला. त्याचे नाव बरूख, म्हणजे धन्य. या धन्य मुलाला २७ जुलै १६५६ रोजी त्याच्याच समाजाने शाप देऊन बहिष्कृत केले. कोणी त्याच्याशी बोलू नये, त्याच्या चार हात जवळ जाऊ नये, त्याने लिहिलेले वाचू नये. तेव्हा तो अवघा तेवीस वर्षांचा होता आणि त्याचे काहीही छापून झालेले नव्हते! वाळीत टाकणे म्हणजे काय, हे खेड्यातून आलेल्या माझ्या मित्रांना वेगळे सांगायला नको.

पुढे तो राइन्सबर्ग, वूरबर्ग आणि शेवटी हेग येथे भाड्याच्या खोल्यांतून राहिला. दुर्बिणींची व सूक्ष्मदर्शकांची भिंगे घासणे हा त्याचा उद्योग. हायगेन्ससारख्या शास्त्रज्ञानेही त्याच्या भिंगांची वाखाणणी केली होती. १६७३ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाने प्राध्यापकपद देऊ केले, पण प्रचलित धर्माला धक्का लावू नये अशी अपेक्षा त्यामागे होती. त्याने नम्रपणे नकार कळविला. (पोट कसे भरते, याचे एक उत्तर त्याच्याजवळ होते, माझ्याजवळ भिंगेही नाहीत.)

आता त्याचा ईश्वर. तो आकाशात बसून निर्णय घेत नाही. ईश्वर आणि निसर्ग एकच, आणि जे घडते ते त्याच्या स्वरूपातून अटळपणे निघते; त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन व्हावी, तसे. त्रिकोणाला कोणी हेतू विचारीत नाही. आधी आणि नंतर, असे झाले असते तर, हे सारे आपल्या अपुऱ्या दृष्टीचे. अनंताच्या बाजूने पाहिले तर तिथे जर-तर नाहीच.

मग खुनी माणसाला दोष कशाचा द्यायचा? हा प्रश्न ब्लायनबर्ग नावाच्या एका धान्यव्यापाऱ्याने १६६५ च्या सुमारास त्याला पत्रांतून वारंवार विचारला. वाईटपणा ही ईश्वराच्या दृष्टीने स्वतंत्र वस्तूच नव्हे, ती आपण तुलनेने पाहिलेली उणीव, असे स्पिनोझाने परोपरीने समजावले आणि शेवटी कंटाळून पत्रव्यवहार थांबवला. मला विचाराल तर व्यापाऱ्याचा प्रश्न अजून शिल्लक आहे.

त्या प्रश्नाने स्पिनोझाला खुद्द गाठले ते १६७२ साली. फ्रेंच सैन्य देशात घुसले होते, लोक बिथरले होते. एकोणीस वर्षे हॉलंडचा कारभार पाहिलेला यान द विट आपल्या कैदेतील भावाला भेटायला गेला असता, २० ऑगस्टला हेगच्या जमावाने दोघा भावांना बाहेर ओढून ठार केले. स्पिनोझा त्याच गावात होता. अटळपणा ओळखला की राग मावळतो, असे मानणारा हा माणूस त्या रात्री मारेकऱ्यांना रानटी ठरवणारा फलक खुनाच्या जागी लावायला निघाला! घरमालकाने दार बंद केले म्हणून तो वाचला. ही हकीकत पुढे त्याला भेटलेल्या लायब्निझने टिपून ठेवली आहे. आमच्या नोट्समध्ये ती नाही. परंतु परिशिष्ट वाचून दुरावलेला स्पिनोझा मला इथे पुन्हा जवळचा वाटला.

त्याच घरच्या मालकिणीने एकदा त्याला विचारले, म्हणे, की माझ्या धर्माने मी तरेन का? त्याने तिला परिशिष्ट ऐकवले नाही. तुमचा धर्म चांगला आहे, शांतपणे भक्तीने राहिलात तर दुसरा शोधायला नको, अशा अर्थाचे तो बोलला. यात लबाडी होती की माया, यावर आमच्या वर्गात बराच वाद झाला. मी मायेच्या बाजूने होतो.

छाती त्याची आधीच दुबळी, त्यात काचेची धूळ. २१ फेब्रुवारी १६७७ रोजी, रविवारी, घरची माणसे चर्चमध्ये गेलेली असताना तो वारला. वय चव्वेचाळीस. ‘एथिक्स’ त्याच वर्षी मित्रांनी छापले, नावाची फक्त आद्याक्षरे घालून. पुढच्या वर्षी त्यावर बंदी आली.

दिवाळीच्या सुट्टीत आजीने विचारले, काय शिकतोस? मी भिंगे घासणाऱ्या त्या माणसाची गोष्ट सांगितली. दगडाचे उदाहरण तेवढे गाळले. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, की आजारपणात त्याचे करायला आई नव्हती का? मी म्हटले, ती तो सहा वर्षांचा होण्याआधीच गेली. आजी बराच वेळ बोलली नाही. मग दिव्यात तेल घालायला उठली.