लक्ष्मणरावांचा कर्जाचा अर्ज

बँकेतल्या नोकरीने मला एक खोड लावली आहे. कोणाही मोठ्या माणसाचे चरित्र वाचू लागलो की मी मनातल्या मनात त्याचा कर्जाचा अर्ज भरू लागतो. वय, शिक्षण, अनुभव, तारण, जामीनदार. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा अर्ज मी असा अनेकदा भरून पाहिला आणि खरे सांगायचे तर दर वेळी तो मला नामंजूरच करावा लागला.

तुम्हीच पाहा. जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचे म्हणून मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण तिथे लक्षात आले की काही रंग त्यांना नीट ओळखू येत नाहीत. चित्रकाराच्या दृष्टीने हा शेवटच. त्यांनी रंग बाजूला ठेवले आणि यंत्रांची रेखाटने काढायला ते शिकले, कारण त्यात लागते ते रेषेचे आणि मापाचे ज्ञान. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. बढतीची वेळ आली तेव्हा मात्र त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. म्हणजे अर्ज करताना हा माणूस बेकार होता!

बेळगावात त्यांचे थोरले बंधू रामुअण्णा होते. दोघे भाऊ सायकली विकत, दुरुस्त करीत, आणि रामुअण्णा लोकांना त्या चालवायलाही शिकवीत. पण बाजाराला येणाऱ्या शेतकऱ्याची गरज सायकलीची नव्हती. ती लक्ष्मणरावांनी ओळखली आणि कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. मग आला लोखंडी नांगर.

हा नांगर खपेना. लोखंडाने जमिनीत विष भिनते, असा समज होता. त्याला आपण आज हसतो. मला मात्र त्या शेतकऱ्याची बाजूही समजते. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून देई, मोडला तर तोच दुरुस्त करी. त्याला रोख पैसा लागत नसे. लोखंडी नांगराला रोकड मोजायची, आणि तो मोडला तर कोणाकडे जायचे? पहिले नांगर विकले जायला दोन वर्षे लागली. आमच्या भाषेत सांगायचे तर दोन वर्षे माल गोदामात पडून. असा अर्जदार समोर आला असता तर मी फाईल मिटवून चहा मागवला असता.

त्यातच बेळगावच्या नगरपालिकेने नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा रिकामी करायला सांगितली. लक्ष्मणराव त्या सुमारास औंधला एका बांधकामाच्या कामात होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी या चित्रकला सोडलेल्या माणसाला कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर माळजमीन आणि १०,००० रुपये बिनव्याजी कर्ज दिले. संस्थान लहान, गंगाजळी बेताची. या कर्जाला तारण काय होते, हा प्रश्न मला वर्षानुवर्षे पडत आला आहे.

१० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडी सुरू झाली. माळ निवडुंगाने भरलेला, सापांचा सुळसुळाट. वस्तीला म्हणून पंचवीसएक कामगार आणि त्यांची बायकामुले. यंत्रांची बाजू शंभूराव जांभेकर पाहत. कारकुनीपासून हिशेबापर्यंत सारे मंगेशराव रेगे सांभाळत. रामुअण्णा वस्तीचे घरपण पाहत. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर इथे कल्पक इंजिनिअर झाले. के. के. कुलकर्णी पडेल ते काम करीत. तुरुंग भोगून आलेल्या माणसांवर लक्ष्मणरावांनी राखणदारी सोपवली. वाडीत शिवाशीव पाळायची नाही, हा दंडकही त्यांनीच घातला. ही गोष्ट त्या काळातली आहे, हे ध्यानात ठेवावे.

ही यादी वाचताना मी थबकतो. यात परदेशी पदवीधर एकही नाही. भट्टी, साचे, कातकाम, सगळे हाताने करीत, चुका करीत शिकायचे. पहिल्या महायुद्धात बाहेरून येणाऱ्या मालाची टंचाई झाली. कारखान्याने तेव्हा दगडी कोळशाऐवजी लाकडी कोळसा जाळला, रंग वाडीतच तयार केले. ज्याला रंग दिसत नाहीत म्हणून चित्रकला सोडावी लागली, त्याच्या कारखान्यात रंग तयार झाले!

पुढे नांगराबरोबर उसाचे चरक आले, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आली, पंप आले. १९२० मध्ये कंपनीची रीतसर नोंदणी झाली. त्याच साली पुतणे शंकरराव यांनी वाडीतून मासिक सुरू केले आणि ‘किर्लोस्कर’ हे नाव मराठी घरांत वाचनासाठीही पोहोचले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले तेव्हा त्यांच्या नावाची इंजिने आणि पंप देशभरच्या विहिरींवर चालत होते. आज वाडी सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे, आणि कुंडल रोड स्टेशन किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाते.

आता माझे सांगतो. एका बाजारपेठेच्या गावी मी शाखाधिकारी होतो. आठवड्याच्या बाजाराला येणारा एक वेल्डर पोरगा कर्जासाठी आला. ट्रॅक्टरच्या मोडलेल्या अवजारांना तो असा जोड देई की सांधा शोधावा लागे. त्याला स्वतःचे मशीन घ्यायचे होते. सातबारा वडिलांच्या नावावर, त्यावर सोसायटीचा बोजा, जामीनदार मिळेना. नियमाप्रमाणे मी अर्ज परत केला. पोरगा पुण्याकडे ठेकेदाराच्या हाताखाली गेला. त्यानंतर त्या गावात नांगराचा फाळ तुटला की शेतकरी तो एसटीच्या टपावर टाकून तालुक्याला नेत. नियम माझ्या बाजूला होता, पण नुकसान गावाचे झाले.

बाळासाहेबांनी काय तारण घेतले असेल, याचे उत्तर मला निवृत्तीनंतर सुचले. दोन वर्षे माल पडून असताना ज्याने नांगर सुधारायचे सोडले नाही, तो माणूसच त्यांनी तारण धरला असावा. आमच्या छापील अर्जात त्यासाठी रकाना नव्हता. पण अर्जाच्या खाली ‘अधिकाऱ्याचा शेरा’ म्हणून दोन ओळींची जागा होती. त्या पोराच्या अर्जावर मी ती कोरी ठेवली.