इवामाचे शेतकरी आचार्य : मोरिहेई उएशिबा

१९४२ साल. जपान महायुद्धात पूर्णपणे उतरला होता आणि टोकियोत युद्धकला शिकविणाऱ्या गुरूंना कधी नव्हे एवढा मान मिळत होता. नेमक्या अशा वेळी मोरिहेई उएशिबा या ५८ वर्षांच्या आचार्यांनी लष्करी शाळांतील आपली अध्यापनपदे सोडली, राजधानीतील डोजो विद्यापीठात शिकणाऱ्या मुलाच्या हाती सोपविला आणि ते इबाराकी प्रांतातील इवामा या खेड्यात राहावयास गेले. तेथे त्यांनी आधीच थोडी जमीन घेऊन ठेवली होती. तिच्यावर साधे घर उभे राहिले, भात आणि भाजीपाला लावला गेला, झाडीत एक लहानसे देवालय बांधले गेले. आज जगभर आयकिडो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विद्येला तिचे हे नाव त्याच सुमारास मिळाले.

उएशिबांचा जन्म १४ डिसेंबर १८८३ रोजी वाकायामा प्रांतातील तानाबे या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील योरोकू हे जमीनदार आणि गावच्या कारभारातील वजनदार गृहस्थ. मुलगा मात्र अशक्त आणि पुस्तकांत रमणारा. वडिलांनी त्याला पोहावयास आणि सुमो कुस्ती खेळावयास लावले. शाळा त्याने अर्ध्यावर सोडली, करखात्यात काही काळ नोकरी केली, टोकियोत छोटासा व्यापार करून पाहिला आणि आजारी पडून तो घरी परतला. उंची जेमतेम पाच फूट दोन इंच. सैन्यभरतीत त्याला याच कारणाने नाकारले गेले, तेव्हा अंगाला वजने बांधून झाडाला लोंबकळून त्याने शरीर ताणले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. पुढे तो सैन्यात गेला आणि रशियाविरुद्धच्या युद्धातही गेला.

परत आल्यावर त्यांची गाठ तानाबेतील मिनाकाता कुमागुसु या विलक्षण निसर्गशास्त्रज्ञाशी पडली. लहान देवळे मोठ्या देवळांत विलीन करण्याचा हुकूम सरकारने काढला होता. देऊळ गेले की त्याभोवतीची देवराईही तोडली जाणार, हे मिनाकातांनी ओळखले आणि विरोध उभा केला. तरुण उएशिबा त्या चळवळीत त्यांच्यासोबत उभे राहिले. त्यांच्या चरित्रात या प्रकरणाला सहसा चार ओळींपेक्षा अधिक जागा मिळत नाही. ती मिळावयास हवी.

१९१२ मध्ये सुमारे ऐंशी माणसांना घेऊन उएशिबा उत्तरेच्या होक्काइडो बेटावर गेले आणि शिराताकी येथे वसाहत उभारण्यास लागले. जंगल तोडणे, बर्फात तग धरणे, पहिल्या हंगामांत पिके बुडणे असे दिवस तेथे निघाले. १९१७ मध्ये आगीत वस्ती जळाली आणि पुन्हा उभी करावी लागली. याच बेटावर १९१५ साली एका खाणावळीत त्यांना ताकेदा सोकाकु भेटले. दाइतो-र्‍यू परंपरेचे हे गुरू अत्यंत कडक आणि संशयी स्वभावाचे होते. उएशिबांनी त्यांना आपल्या वसाहतीत आणून ठेवले, त्यांची सेवा केली, प्रत्येक पाठाचे मोल मोजले. मनगट धरणाऱ्याचेच बळ वळवून त्याचा तोल काढण्याची पद्धत त्यांनी येथे आत्मसात केली. जागा सोडताना स्वतःचे घरही त्यांनी गुरूच्याच नावे केले.

१९१९ च्या अखेरीस वडील आजारी असल्याचे कळून ते निघाले, पण वाटेत आयाबे येथे थांबले. ओमोतो या नव्या पंथाचे नेते ओनिसाबुरो देगुची तेथे होते. वडिलांसाठी प्रार्थना करावी म्हणून उएशिबा तेथे गेले आणि घरी पोहोचेपर्यंत वडील निवर्तले होते. पुढील वर्षी सारे कुटुंब आयाबेला हलले. त्याच १९२० सालात त्यांचे दोन लहानगे मुलगे गेले. पत्नी हात्सु यांच्याविषयी फारसे लिहिले गेलेले नाही. पतीच्या प्रत्येक नव्या ध्यासामागून त्या एका गावाहून दुसऱ्या गावी संसार हलवीत राहिल्या, एवढे मात्र सर्वत्र दिसते. १९२४ मध्ये उएशिबा देगुचींसमवेत मंगोलियात आदर्श राज्य स्थापावयास निघाले, पकडले गेले आणि जपानी वकिलातीच्या मध्यस्थीने देहदंडातून थोडक्यात वाचले. हे साहस धाडसाचे होते, पण शहाणपणाचे म्हणता येत नाही. लहानगा किश्शोमारू तेव्हा आईजवळ घरी होता.

१९२७ साली उएशिबा टोकियोत स्थायिक झाले. १९३० मध्ये ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो त्यांचे कौशल्य पाहून इतके प्रभावित झाले की त्यांनी आपले निवडक शिष्य त्यांच्याकडे शिकावयास पाठविले. स्वतः थोर शिक्षणतज्ज्ञ असलेल्या माणसाने आपले विद्यार्थी दुसऱ्या गुरूकडे पाठवावेत, ही गोष्ट शिक्षकी पेशात दुर्मीळच. १९३१ मध्ये वाकामात्सु भागात ‘कोबुकान’ हा मोठा डोजो उभा राहिला. तालीम इतकी कठोर असे की लोक त्याला नरकाचा डोजो म्हणत.

डोजो म्हणजे केवळ तालीमखाना नव्हे. आपल्याकडील आखाडा आणि गुरुगृह या दोहोंचा तो संगम होय. तेथे राहणाऱ्या शिष्याला ‘उचिदेशी’ म्हणतात, आणि आपल्या भाषेतील ‘अंतेवासी’ हा जुना शब्द त्याला चपखल बसतो. अंतेवासी पहाटे उठून जमीन पुसत, स्वयंपाकात हातभार लावीत, गुरूंचे अंग चेपीत, प्रवासात त्यांची पिशवी वाहत. उएशिबा गाडीच्या वेळेआधी फार लवकर स्थानकावर पोहोचत आणि गर्दीतून इतके झपाझप चालत की तरुण शिष्याची दमछाक होई. गुरूंचा हात कधी कशासाठी पुढे येईल याचे भान अहोरात्र ठेवावे लागे आणि तेच खरे शिक्षण मानले जाई. गुरू रागीटही होते, आणि त्या रागाचा धसका शिष्यांच्या आठवणींत जागोजागी उमटला आहे. याच डोजोत एक चित्रकलेची विद्यार्थिनी ताकाको कुनिगोशी शिकत असे. १९३३ मध्ये निघालेल्या पाठपुस्तकातील आकृत्या तिच्या हातच्या आहेत. पुरुषांसाठी वेगळी आणि स्त्रियांसाठी सौम्य अशी तालीम तेथे नव्हती.

तालमीची रीतही पाहण्याजोगी आहे. प्रथम शिकवितात ते पडणे. हात आणि खांदा गोल करून जमिनीवर लोळत उठता आले, की मग फेकण्याचे धडे. दोघे समोरासमोर असतात, एकजण धरतो, दुसरा वळून त्याला खाली आणतो आणि काही वेळाने भूमिका बदलतात. ज्याला फेकले तोच पुढच्या क्षणी फेकणारा होतो. उएशिबांनी स्पर्धा ठेवल्या नाहीत. त्यामुळे विजेता नाही, पदक नाही, आणि आपल्या जोडीदाराला इजा झाली तर आपलीच तालीम थांबते.

परंतु हीच विद्या ते लष्करी अकादमीतही शिकवीत होते, आणि ही विसंगती झाकून चालणार नाही. कोबुकानचे तरुण एकेक करून आघाडीवर गेले आणि डोजो ओस पडत चालला. त्यातील कित्येक परतले नाहीत. १९४२ च्या त्या निघून जाण्याला प्रकृतीचे कारण देण्यात आले. पण संहाराच्या कामी आपली विद्या लागलेली पाहणे त्यांना असह्य झाले होते, असे त्यांच्या नंतरच्या शिकवणीवरून वाटते.

इवामात दिवस प्रार्थनेने सुरू होई. नंतर भाताची खाचरे, खुरपणी, सरपण. तालीम पहाटे झाडीत लाकडी तलवार आणि काठी घेऊन, सायंकाळी डोजोत. कुदळ मारताना कंबर कशी खाली ठेवावी, हेच काठी फिरविताना कामास येई. १९४६ मध्ये मोरिहिरो साइतो हा अठरा वर्षांचा मुलगा तेथे आला. तो रेल्वेत नोकरी करी, एक अहोरात्र काम आणि एक अहोरात्र मोकळे, अशी त्याची पाळी होती. मोकळ्या दिवसांत तो पूर्णपणे गुरूंचा होई. पुढे त्याची पत्नीही उएशिबा दांपत्याची देखभाल करू लागली. युद्धानंतरच्या टंचाईत आलेले बहुतेक शिष्य हळूहळू पोटापाण्यासाठी पांगले, साइतो टिकून राहिला.

इकडे टोकियोत किश्शोमारूंनी हवाई हल्ल्यांच्या आगीतून डोजो वाचविला. नंतर बेघर झालेली कुटुंबे कित्येक वर्षे त्याच चटयांवर राहिली. किश्शोमारू दिवसा एका रोखे कंपनीत नोकरी करीत आणि उरलेल्या वेळात शिकवीत. वडिलांची विद्या जगात पसरली तिच्यामागे या नोकरीचा पगारही आहे. १९४८ मध्ये संस्थेला सरकारी मान्यता मिळाली. १९५५ मध्ये फ्रान्सचे आंद्रे नोके अंतेवासी म्हणून टोकियोच्या डोजोत दाखल झाले. १९६१ मध्ये उएशिबा हवाईला जाऊन आले. १९६८ साली टोकियोत नवी इमारत झाली, तेव्हा वृद्ध आचार्य चटईवर उतरले. पायऱ्या चढताना त्यांना शिष्यांचा आधार लागे, चटईवर मात्र तोच माणूस तरुण शिष्यांना सहज लोळवी, हे अनेकांनी पाहिले आहे.

२६ एप्रिल १९६९ रोजी यकृताच्या कर्करोगाने त्यांचा अंत झाला. हात्सु यांचेही दोनच महिन्यांनी निधन झाले. इवामाचे देवालय आणि डोजो साइतोंनी २००२ पर्यंत, स्वतःच्या मृत्यूपर्यंत सांभाळला, आणि दरवर्षी २९ एप्रिलला तेथे उत्सव भरतो. उएशिबांच्या अस्थी मात्र तानाबेच्या कोझानजी मंदिरात आहेत. देवराया वाचविण्यासाठी ज्यांच्यासोबत ते एकदा उभे राहिले, त्या मिनाकातांची समाधीही त्याच आवारात आहे.