श्रीसंत नामदेव महाराज : काव्याची पायरी

आपल्या ज्ञातीने मराठी भाषेस काय दिले, असा प्रश्न कोणी केल्यास नामदेव शिंपी समाजास उत्तर शोधीत बसावे लागत नाही. परंपरेनुसार इ. स. १२७० मध्ये दामाशेटी व गोणाई यांच्या पोटी श्रीनामदेवांचा जन्म झाला. घरचा धंदा शिंप्याचा. अशा घरातील पुरुषाने कवित्व करावे, हीच त्या काळी नवलाची गोष्ट. कारण काव्य हे पंडितांचे धन, असा समज रूढ होता.

नामदेवरायांनी ते धन सर्वांस वाटले. त्याकरिता त्यांनी अभंग हाती घेतला. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात चार चरण असतात : पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या व तिसऱ्या चरणाच्या अंती यमक. ऱ्हस्वदीर्घाचा हिशेब नाही, गणांची अडचण नाही. यमकामुळे चरण ध्यानात राहतो, टाळामुळे ठेका सापडतो. म्हणून अक्षरशत्रूसही अभंग पाठ होतो. गज, कात्री, सुई व दोरा ही आपल्या दुकानातील साधनेही त्यांनी भक्तिपदांत मानाने आणून बसविली.

या उघड्या दाराने कोण आत आले, ते पाहावे. त्यांच्या घरी दळणकांडण करणारी जनाबाई कवयित्री झाली. चोखोबांस देवळात प्रवेश नव्हता, पण त्यांचे अभंग वारकऱ्यांच्या मुखी वसले. मंगळवेढ्यास भिंत कोसळून चोखोबा गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी नामदेवांनीच पंढरीस आणल्या, असे परंपरा सांगते.

पुढे उत्तरेच्या यात्रेत नामदेव पंजाबात राहिले व तेथील जनांस समजेल अशा बोलीत त्यांनी पदे रचिली. त्यांपैकी ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. ज्या घुमान गावी त्यांचे वास्तव्य होते, तेथे २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले.

इ. स. १३५० मध्ये त्यांनी पंढरीच्या महाद्वारी समाधी घेतली. भक्तांची पायधूळ लाभावी म्हणून त्यांनी पायरीची जागा मागितली, अशी श्रद्धा आहे. त्यांचे काव्यही तसेच पायरीचे काव्य आहे. सामान्य माणूस तिच्या आधाराने वर चढतो.

आम्हांस एकच चिंता वाटते. पुण्यतिथीस आपण पालखी काढतो, सत्कार करतो. परंतु घरोघरी अभंग म्हणणारे कंठ कमी होत आहेत. जे काव्य आपल्या पूर्वजाने सर्वांकरिता मोकळे केले, ते आपल्याच मुलांस परके व्हावे काय? प्रत्येक कुटुंबाने आठवड्यास एक अभंग मुलांकडून म्हणवून घ्यावा व त्याचा अर्थ त्यांस सांगावा, अशी आमची ज्ञातिबंधुभगिनींस नम्र विनंती आहे.