डॉ. अल्झायमर आणि ऑगस्टे बाई

जेवून उठलेली आजी तासाभरात पुन्हा जेवायला मागते, आजोबा रोजच्या रस्त्यावर घर विसरतात. मग अल्झायमर हा शब्द घरात येतो. पण हे एका माणसाचं आडनाव आहे, हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं.

अलॉइस अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी जर्मनीत, बव्हेरियातल्या मार्क्टब्राइट या छोट्या गावात झाला. १८८७ साली ते डॉक्टर झाले आणि पुढच्याच वर्षी फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. रुग्णांशी बोलायचं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं, ही दोन्ही कामं त्यांना सारखीच प्रिय होती. मेंदूच्या पेशी रंगवून पाहण्याची नवी पद्धत शोधणारे फ्रान्झ निस्ल तिथे त्यांचे सहकारी झाले, आणि जिवलग मित्रही.

१९०१ हे वर्ष वाईट गेलं. फेब्रुवारीत पत्नी सेसिली वारली. मागे तीन लहान मुलं. त्याच नोव्हेंबरात ५१ वर्षांच्या ऑगस्टे डेटर रुग्णालयात दाखल झाल्या. त्यांना नवऱ्याचं नाव विचारलं तर त्या स्वतःचंच नाव सांगत. पानात फ्लॉवर आणि मांस असताना आपण पालक खातोय म्हणत. अल्झायमर समोर बसून प्रत्येक प्रश्न आणि उत्तर लिहून ठेवत राहिले. म्हातारपणी माणूस विसरतो हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, पण पन्नाशीत?

१९०३ मध्ये त्यांनी फ्रँकफुर्ट सोडलं आणि पुढे ते म्युनिकला एमिल क्रेपेलिन यांच्याकडे काम करू लागले. ऑगस्टे बाईंचा विसर मात्र त्यांना पडला नाही. एप्रिल १९०६ मध्ये त्या गेल्या, तेव्हा त्यांचा मेंदू तपासणीसाठी म्युनिकला आला. तो आकसलेला होता. पेशींच्या आत धाग्यांचे गुंते होते आणि बाहेर कसल्याशा पदार्थाचे ठिपके साठले होते. ३ नोव्हेंबरला ट्युबिंगेनच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं. सभेत चर्चासुद्धा झाली नाही. १९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचं नाव दिलं.

उत्तर मिळालं खरं, पण रुग्ण गेल्यावर. त्याच १९०६ साली वासरमन यांची सिफिलिससाठीची रक्ततपासणी आली. सिफिलिसमुळेही बुद्धिभ्रंश होतो, आणि त्याचा अल्झायमर यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला होता. तो आता जिवंतपणी रक्तात आणि मणक्यातल्या पाण्यात ओळखता येऊ लागला. हे पाणी सुईने काढण्याची रीत क्विंके यांनी १८९१ मध्येच दाखवली होती. पण ऑगस्टे बाईंच्या आजारासाठी त्या पाण्यात नेमकं शोधायचं काय, हेच कुणाला माहीत नव्हतं.

१९१२ मध्ये अल्झायमर ब्रेस्लाऊला प्राध्यापक झाले. तब्येत मात्र ढासळत गेली. १९ डिसेंबर १९१५ रोजी ते वारले. वय ५१, म्हणजे ऑगस्टे बाई पहिल्यांदा त्यांच्यासमोर आल्या तेव्हा जेवढं होतं तेवढंच. फ्रँकफुर्टला पत्नीशेजारी त्यांचं दफन झालं.

त्या ठिपक्यांमधलं प्रथिन १९८४ साली ओळखलं गेलं: ॲमायलॉइड. गुंत्यांमधलं टाऊ हेही लवकरच सापडलं. मेंदूत ॲमायलॉइड अडकून राहतं, म्हणून या आजारात मणक्यातल्या पाण्यात त्याचा एक प्रकार कमी भरतो, आणि टाऊ वाढलेलं दिसतं. रक्तात ही प्रथिनं अगदी किंचित असतात, त्यामुळे तिथे ती मोजायला आणखी काळ गेला. २०२५ मध्ये अमेरिकेत अशा रक्ततपासणीला पहिल्यांदा मान्यता मिळाली. तीही लक्षणं असलेल्यांसाठीच, आणि तेवढ्यावरच निदान करत नाहीत. रुग्णासमोर बसून विचारावं लागतंच.

अल्झायमर यांनी ते किती मनापासून केलं होतं, हे १९९५ साली कळलं. फ्रँकफुर्टमध्ये ऑगस्टे बाईंची हरवलेली फाईल सापडली. आतले प्रश्न आणि उत्तरं त्यांच्याच हस्ताक्षरातली होती.