वादळाची खबर देणारा कप्तान

मोबाइलवर ऑरेंज अलर्ट येतो, पाऊस काही येत नाही आणि मग मीम्सच धो धो कोसळतात. ही थट्टा हवामानाच्या अंदाजाइतकीच जुनी आहे. पहिला मार खाल्ला तो रॉबर्ट फिट्झरॉयने.

डार्विनला जगाच्या सफरीवर नेणाऱ्या ‘बीगल’ जहाजाचा हा कप्तान. १८५४मध्ये ब्रिटनच्या नव्या हवामान खात्याची सूत्रं त्याच्याकडे आली. १८५९च्या ऑक्टोबरात वादळात सापडून ‘रॉयल चार्टर’ जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर फुटलं, चारशेहून अधिक माणसं गेली. लोकांना आधी सावध करायचंच, हे फिट्झरॉयने मनावर घेतलं. ठिकठिकाणच्या नोंदी तारेने लंडनला मागवायच्या, त्यावरून हवेचा नकाशा मांडायचा आणि धोका दिसला की बंदरांना तार करायची. तिथे खांबावर शंकू नि ढोलाच्या आकाराचे इशारे चढायचे. १ ऑगस्ट १८६१ला ‘द टाइम्स’मध्ये सर्वसामान्यांसाठीचा पहिला अंदाज छापून आला.

अंदाज कधी कधी चुकायचे. मग वर्तमानपत्रं खिल्ली उडवायची. नावा बंदरातच अडकतात म्हणून त्यांचे मालक चिडायचे. काही शास्त्रज्ञांना तर या सगळ्याला पायाच दिसत नव्हता.

आजारपण, कर्ज आणि खचलेलं मन. १८६५मध्ये त्याने आयुष्य संपवलं. पुढच्याच वर्षी इशारे थांबवले गेले. तेव्हा मात्र किनाऱ्यावरून ओरड झाली आणि १८६७मध्ये ते पुन्हा सुरू करावे लागले. ज्यांचा जीव समुद्रावर होता, त्यांना अधूनमधून चुकणारा इशाराही हवा होता.

तेव्हा मीम्स बिनधास्त टाका. फक्त अलर्ट असताना सेल्फीसाठी समुद्रावर जाऊ नका.